पोस्टडॉकची स्वयंसेवी कामं: कोणती धरावीत, कोणती सोडावीत

प्रश्न: माझी मुलगी पेशीजीवशास्त्रात पीएच.डी. करून गेलं दीड वर्ष एका विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून मुदतीचं संशोधन करते आहे. करार तीन वर्षांचा आहे. तिथल्या पोस्टडॉक संघटनेत ती नव्याने येणाऱ्यांना मदत करते, शनिवारी शाळेतल्या मुलांना प्रयोग दाखवायला जाते, विद्यापीठाची काही प्रशिक्षणंही तिने केली. यातल्या कशाचेही पैसे मिळत नाहीत. आता संघटनेचं अध्यक्षपद घे, असा तिला आग्रह चालू आहे. तिच्या प्राध्यापकांना हे पसंत नाही. ‘आधी पेपर’ एवढंच ते म्हणतात. फोनवर ती फार थकलेली वाटते, झोप लागत नाही म्हणते. विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जाऊ का, असं तिने मला विचारलं. पण कुठे नोंद राहिली तर पुढे नोकरीत अडचण येईल, अशी मला भीती वाटते. हे सगळं सोड आणि फक्त संशोधन कर, असं तिला सांगू का? – एक आई

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातला समुपदेशकाचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं थोडं थांबू शकतं. तिला जाऊ द्या. शक्य असेल तर याच आठवड्यात. विद्यापीठांतलं समुपदेशन गोपनीय असतं. तिथे झालेलं बोलणं तिच्या संमतीशिवाय प्राध्यापकांना किंवा विभागाला कळवलं जात नाही. अपवाद असतो तो कुणाच्या जिवाला धोका दिसला तर, किंवा कायद्याने कळवणं भागच असेल तर. नोंद कुठे राहते आणि ती कोण पाहू शकतं, हे तिने पहिल्या भेटीतच विचारून घ्यावं. हा प्रश्न रोजच विचारला जातो आणि त्याचं सरळ उत्तर मिळतं. पुढे नोकरीच्या निवड समितीपुढे यातलं काही येत नाही.

एक अडचण मात्र येऊ शकते. पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थ्यांची समुपदेशन सेवा वेगळी आणि कर्मचाऱ्यांची वेगळी असते. पोस्टडॉक ना विद्यार्थी, ना कायम कर्मचारी. पगार विद्यापीठाकडून येत असेल तर बहुधा कर्मचाऱ्यांची सेवा लागू होते. बाहेरच्या फेलोशिपवर असेल तर कधी कधी दोन्ही ठिकाणी ‘तुम्ही आमच्याकडे येत नाही’ असं ऐकावं लागतं. असं झालं तर तिने परत फिरू नये, विद्यापीठात पोस्टडॉकांचं काम पाहणारं जे पोस्टडॉक कार्यालय असतं, तिथे विचारावं. कुठली सेवा कोणाला लागू आहे, हे तिथल्या लोकांना माहीत असतं. आणि झोप न लागणं काही आठवडे चालूच असेल तर समुपदेशनाच्या जोडीने डॉक्टरांनाही दाखवायला हवं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सगळं सोड, असं तिला सांगू नका. पण अध्यक्षपद या वर्षी नको, हे मी स्पष्ट म्हणेन. या दोन्हींमागची कारणं जरा सविस्तर सांगते.

पोस्टडॉक म्हणजे मुदतीची नोकरी. प्राध्यापकांना प्रकल्प पुरा करायला हात हवे असतात आणि तुमच्या मुलीला स्वतंत्र संशोधक व्हायचं असतं. या दोन गरजा बऱ्याच प्रमाणात जुळतात, पण पूर्ण जुळत नाहीत. प्रयोगशाळेत तिला प्रयोग शिकायला मिळतात, पेपर लिहायला मिळतात. बजेट कसं आखायचं, माणसं कशी सांभाळायची, वर्ग कसा शिकवायचा, स्वतःच्या नावावर निधी कसा मागायचा, हे मात्र आपोआप शिकायला मिळत नाही. ते मागून घ्यावं लागतं. विद्यापीठात स्वयंसेवी कामं आणि प्रशिक्षणं असतात ती ही उणीव भरून काढण्यासाठी. ती उणीवही पोस्टडॉकांनीच एकत्र येऊन मांडली, तेव्हा कुठे तिची दखल घेतली गेली. अमेरिकेत 2003 मध्ये नॅशनल पोस्टडॉक्टोरल असोसिएशन उभी राहिली, आणि आज विद्यापीठा-विद्यापीठांतून दिसणाऱ्या पोस्टडॉक कार्यालयांमागे अशा संघटनांचा मोठा रेटा आहे. त्यामुळे संघटनेचं काम म्हणजे वेळेचा अपव्यय, असं मी कधीच म्हणणार नाही. नवख्या देशात आलेल्या एखाद्याला घर, बँक, विमा, मुलाची शाळा यात पहिल्या आठवड्यात मदत करणारं कुणी असणं किती मोलाचं असतं, हे बाहेर राहिलेल्यांना माहीत असतं. तुमची मुलगी ते करते आहे, याचा तुम्हाला अभिमान वाटायला हवा.

तरीही निवड समिती कशी विचार करते, हे तिला ठाऊक असलं पाहिजे. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला बोलावायचं की नाही, हे पेपर, संशोधनाचा आराखडा, शिफारसपत्रं आणि स्वतः मिळवलेला निधी यांवर ठरतं. संघटनेतलं पद तिथे पारडं फारसं झुकवत नाही. उद्योगात, धोरणाच्या क्षेत्रात, विज्ञान प्रकाशनात किंवा विद्यापीठ प्रशासनात जायचं असेल तर चित्र बदलतं. तिथे लोकांबरोबर काम केल्याचा पुरावा लागतो आणि तो संघटनेतूनच मिळू शकतो. पण दोन्हीकडे ‘सदस्य होते’, ‘सचिव होते’ एवढ्याने भागत नाही. काय बदललं, हे सांगता आलं पाहिजे. नव्या पोस्टडॉकांसाठी माहितीपुस्तिका तयार केली, ती विभागाने स्वीकारली आणि आता प्रत्येकाला रुजू होताना मिळते, असं एक वाक्य सीव्हीत आलं तर त्याला वजन आहे. म्हणून तिने तिच्या कामातलं एक निवडावं, त्याला शेवट असावा, आणि ते पुरं करून दुसऱ्याच्या हाती द्यावं. अध्यक्षपदाला असा शेवट नसतो. वर्षभर बैठका, ईमेल, कुणाच्या तरी तक्रारी, आणि ते वर्ष नेमकं तिच्या कराराचा उत्तरार्ध खाऊन टाकणार. रुजू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत हे पद चालून आलं असतं तर माझं उत्तर कदाचित वेगळं असतं.

शाळेतला शनिवार मात्र मी तोडणार नाही. पत्रावरून मला असं वाटतं की तिला बळ देणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी तो एक आहे. दर आठवड्याचा महिन्यातून एकदा केला तरी चालेल. शिवाय त्याचा व्यावहारिक उपयोगही आहे. युरोपातल्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिपच्या अर्जात आपलं काम सामान्य लोकांपर्यंत कसं नेणार, हे लिहावंच लागतं. जिने खरोखर मुलांपुढे सूक्ष्मदर्शक ठेवून पेशी दाखवल्या आहेत, तिचा तो परिच्छेद कोरडा राहत नाही.

तिने अजून हात न घातलेलं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे इतरांच्या पेपरांचं परीक्षण, छापण्याआधी ते तपासून मत देणं. हेही विनामोबदला काम आहे. नियतकालिकाकडून पेपर प्राध्यापकांकडे येतो, ते पोस्टडॉकला वाचायला देतात, पोस्टडॉक रात्र जागवून अभिप्राय लिहितो आणि तो प्राध्यापकांच्या एकट्याच्या नावाने जातो. असं सर्रास चालतं आणि ते योग्य नाही. आता पुष्कळ नियतकालिकं सहपरीक्षकाचं नाव नोंदवून घेतात. असा पेपर हाती आला की तिने आधीच म्हणावं, ‘सर, मी आनंदाने करते, संपादकांना माझं नावही कळवाल का?’ सहसा प्राध्यापक नाही म्हणत नाहीत, त्यांच्या ते लक्षात आलेलं नसतं इतकंच. केलेल्या परीक्षणाची नोंद ऑर्किड खात्यावर, म्हणजे संशोधकाच्या कामाची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या खात्यावर, राहू शकते. प्रीप्रिंटचं, म्हणजे नियतकालिकात छापण्याआधी खुल्या केलेल्या पेपरचं, परीक्षण करायला शिकवणारा ‘प्रीरिव्ह्यू’सारखा उपक्रमही आहे. चार-पाच पेपर असे बारकाईने वाचले की स्वतःचा पेपर कुठे अडकेल ते आधीच दिसायला लागतं. प्राध्यापकांच्या ‘आधी पेपर’शीही याचं भांडण नाही.

प्रशिक्षणांबद्दल माझं मत जरा कडक आहे. प्रमाणपत्र मिळतं म्हणून कोर्स करायचे नाहीत. नेतृत्व, वेळेचं नियोजन, संवादकौशल्य अशा अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळांची विद्यापीठांत रेलचेल असते. त्यातल्या एखाद्या चांगल्या असतात, बाकीच्या करून हाती काही लागत नाही. ज्यातून शेवटी काहीतरी तयार काम हातात येतं, ते प्रशिक्षण घ्यावं. निधी-अर्ज लेखनाचं प्रशिक्षण घ्यायचं तर समोर खऱ्या अर्जाची तारीख ठेवूनच घ्यावं. इथे एक गोष्ट तातडीची आहे. फेलोशिपांना पीएच.डी.नंतरच्या काळाची मर्यादा असते. वर सांगितलेल्या युरोपीय फेलोशिपला पीएच.डी.नंतर संशोधनाची 8 वर्षं ही कमाल मर्यादा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं, म्हणजे एनआयएचचं, के99/आर00 हे अनुदान पोस्टडॉककडून प्राध्यापकपदाकडे नेणारं आहे. त्याला अर्ज करताना पोस्टडॉकचा अनुभव 4 वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. त्याला अमेरिकी नागरिकत्वाची अट नाही, ही आपल्या मुलामुलींसाठी मोठी सोय आहे, कारण तिथल्या बऱ्याच फेलोशिप नागरिकांपुरत्याच असतात. दीड वर्ष गेलेलं आहे. तिने आपल्या पीएच.डी.ची तारीख मध्ये ठेवून कुठली दारं कधी बंद होतात, याचा एक तक्ता आजच करावा.

पेशीजीवशास्त्रातल्या मुलीला माझी दुसरी शिफारस विदाविश्लेषणाची, म्हणजे डेटाच्या विश्लेषणाची, आहे. सूक्ष्मदर्शकातून येणाऱ्या हजारो प्रतिमा हाताने मोजण्याचे दिवस गेले. ‘द कार्पेंट्रीज’ ही संस्था संशोधकांना आर आणि पायथन या संगणकभाषा, विदा नीट हाताळणं असं दोन दिवसांच्या कार्यशाळांतून शिकवते. तिचं मूळ 1998 मध्ये सुरू झालेल्या सॉफ्टवेअर कार्पेंट्रीत आहे. शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात आणि त्यांना शिकवायचं कसं याचं वेगळं प्रशिक्षण मिळतं. म्हणजे एकाच कामात कौशल्य, अध्यापनाचा अनुभव आणि स्वयंसेवा. तिला कुठलं तरी एकच नवं काम घ्यायचं असेल, तर मी हे सुचवेन.

आता प्राध्यापकांबद्दल. त्यांना खलनायक ठरवू नका. त्यांच्यावरही प्रकल्पाचा अहवाल देण्याची जबाबदारी असते आणि मुलीचे पेपर हे त्या मुलीच्याही हिताचे आहेत. पण प्रशिक्षणासाठी वेळ मागणं म्हणजे मेहरबानी मागणं नव्हे, हे तिला ठाऊक हवं. ब्रिटनमध्ये संशोधकांच्या करिअर विकासाच्या 2019च्या करारनाम्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी संशोधकांना वर्षाला किमान 10 दिवस व्यावसायिक विकासासाठी द्यायचे असतात. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेकडे संशोधनासाठी निधी मागताना त्यात पोस्टडॉकचा खर्च धरला असेल, तर त्या पोस्टडॉकला काय मार्गदर्शन देणार याचा लेखी आराखडा जोडणं 2009 पासून सक्तीचं आहे. अशा निधीवर ती असेल तर तिच्यासाठी लिहिलेला आराखडा प्राध्यापकांच्या अर्जात आधीपासून आहे, आणि तो पाहायला मागणं अगदी रास्त आहे. एनआयएचही 2014 पासून वार्षिक अहवालात पोस्टडॉकांसाठी वैयक्तिक विकास आराखडे वापरले जातात का, याची माहिती मागते. तुमची मुलगी कुठल्या देशात आहे ते पत्रात नाही; पण ती जिथे असेल तिथले नियम पोस्टडॉक कार्यालयात मिळतील.

बोलायला जाताना तिने तक्रार घेऊन जाऊ नये, कागद घेऊन जावं. पुढच्या सहा महिन्यांत कुठला पेपर कधी पाठवणार, कुठला अर्ज कधी करणार, प्रशिक्षणाला महिन्यातले किती तास, संघटनेचं काम कुठे थांबवणार. पेपरची तारीख सगळ्यात वर. हे समोर आल्यावर बहुतेक प्राध्यापकांचा विरोध मावळतो, कारण त्यांना भीती असते ती मन उडाल्याची. आणि त्यांच्याशिवाय आणखी एक वडीलधारा मार्गदर्शक तिने शोधावा, शक्यतो दुसऱ्या विभागातला, ज्याच्या हातात तिचा पगार नाही. बऱ्याच पोस्टडॉक कार्यालयांत अशी जोडी लावून देण्याची व्यवस्था असते. संबंध फारच ताणले, तर काही विद्यापीठांत तटस्थपणे ऐकून घेणारा ‘ओम्बड्स’ अधिकारी असतो. त्याच्याशी बोलणं म्हणजे तक्रार दाखल करणं नाही.

परदेशात असेल तर व्हिसाचं एक तपासून घ्यावं. काही व्हिसांवर विद्यापीठाबाहेरच्या कामाला, क्वचित विनावेतन कामालाही, आधी परवानगी लागते. शाळेतल्या शनिवारबद्दल आंतरराष्ट्रीय कार्यालयाला एक ईमेल टाकून लेखी उत्तर जपून ठेवलं की झालं.

तुमच्याकडून तिला काय हवं असेल? ‘कायमची नोकरी कधी?’ हा प्रश्न काही महिने विचारू नका, ताई. तो ती स्वतःला रोज विचारत असणार. तिचं काम समजावून सांगायला लावा. शाळेतल्या मुलांना सांगते तसं. आणि अध्यक्षपदाला नाही म्हणताना तिला अपराधी वाटेल, तेव्हा तुम्ही तिच्या बाजूने उभ्या राहा. नकार असा देता येईल: ‘या वर्षी मला अर्ज पुरे करायचे आहेत. नव्या लोकांसाठीची पुस्तिका मी पुरी करून देईन आणि पुढे जो कुणी ती सांभाळेल त्याला शिकवेन.’ यात ती कुणाला वाऱ्यावर सोडत नाही.

शेवटची सूचना कराराची. करार संपायला नऊ-दहा महिने राहिले की मुदतवाढ मिळणार का, हे तिने लेखी विचारावं. तोंडी ‘बघू, करू काहीतरी’ यावर राहू नये. प्राध्यापकांच्या मनात असलं तरी त्यांच्या निधीत पैसे आहेत का, हा प्रश्न वेगळा असतो, आणि त्याचं उत्तर विभागाच्या वित्त कार्यालयात मिळतं.