नाईटची पावती आणि पॅरिसची यादी

प्रश्न : ताई, आमची दशावतारी नाटकाची कंपनी वडिलांपासून चालत आलेली. २०२५च्या जुलैत शिवरायांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात आपले सिंधुदुर्ग नि विजयदुर्ग. तेव्हापासून 'आता दशावताराचा नंबर' असं प्रत्येक जत्रेत ऐकू येतं. हल्लीच एक गृहस्थ येऊन गेले. दशावताराची फाइल पॅरिसला, युनेस्कोच्या मुख्य कचेरीत पोचवतो म्हणाले. एकदा नाव लागलं की प्रत्येक कंपनीला डॉलरमध्ये अनुदान सुरू. खर्चाला म्हणून दर कंपनीमागे वीस हजार मागतायत. द्यावेत का?
– कंपनीमालक, कुडाळ तालुका

उत्तर : देऊ नका. ज्यांनी दिले असतील त्यांनी पावती मागावी. मिळायची नाही, पण मागावी.

युनेस्कोकडे प्रस्ताव पाठवायला फी नसते. शिवाय तो तुम्हा-आम्हाला किंवा कुणा गृहस्थांना पाठवताच येत नाही, देशाचं सरकार पाठवतं. आपल्याकडे हे काम दिल्लीची संगीत नाटक अकादमी बघते. मुदत असते ३१ मार्चची, आणि त्यानंतर निकालाला वर्षाहून जास्त काळ जातो. तेव्हा 'येत्या जत्रेच्या आत नाव लावून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं.

किल्ल्यांचं आणि दशावताराचं खातंच वेगळं आहे, मालक. किल्ले गेले १९७२च्या जागतिक वारसा करारातून. तो तटाबुरुजांचा, जागांचा करार. आपल्या कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून त्याच्याच संभाव्य यादीत, म्हणजे दाराबाहेरच्या बाकावर बसलेली आहेत. नाट्य, नाच, सण, कारागिरी यांच्यासाठी २००३चा अमूर्त वारशाचा करार आहे. त्या यादीत केरळचं कुटियाट्टम हे संस्कृत नाट्य आहे, रामलीला आहे, कुंभमेळा आहे, कोलकात्याची दुर्गापूजा आहे. २०२३ मध्ये गुजरातचा गरबा गेला. २०२५च्या डिसेंबरात या कराराच्या समितीची बैठक दिल्लीत लाल किल्ल्यात भरली, तेव्हा दिवाळीचं नाव यादीत लागलं. दशावतार अजून नाही.

आता डॉलरचं. यादीत नाव लागलं म्हणून कुणाच्या खात्यात काही जमा होत नाही. मदतीचा एक निधी आहे, पण तोही सरकारने मागायचा असतो. कुटियाट्टमचं नाव २००१ मध्ये जाहीर झालं. त्यातून खरी हालचाल झाली ती आपल्याच देशात. संगीत नाटक अकादमीने तिरुवनंतपुरमला कुटियाट्टमसाठी स्वतंत्र केंद्र काढलं. म्हणजे पॅरिसचा शिक्का हा दिल्लीच्या दारावर थाप मारायला उपयोगी. थाप मारणारं कुणी असेल तर.

प्रस्तावात काय लागतं तेही सांगते, कारण ते गृहस्थ सांगणार नाहीत. दहा फोटो आणि दहा मिनिटांची फिल्म. (उजाडेपर्यंत चालणाऱ्या नाटकाची दहा मिनिटं! संकासुर राक्षसाचं नुसतं आगमनच तेवढं खातं.) देशातल्या एखाद्या अधिकृत नोंदवहीत त्या कलेची आधीपासून नोंद हवी. पुढे ती जिवंत ठेवायला कोण काय करणार ते लिहून द्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती कला जे जगतात त्यांची समजून-उमजून, आधी घेतलेली संमती. ती एकट्या मालकांची चालत नाही. राजाची कामं करणारे राजापार्टी, बायकांची कामं करणारे स्त्रीपार्टी, पखवाजवाले, पेटीवाले, पेटारा उचलणारे, देवळाचे मानकरी, पलीकडे गोव्यात पेडण्याला दशावतार करणारे, सगळे आले. तिथे 'जगातली सर्वांत जुनी', 'एकमेव अस्सल' असली विशेषणं उलट अंगावर येतात. दशावतार कर्नाटकातल्या यक्षगानातून आला की इथलाच, हा आपला आवडता वाद तर त्या कागदात पूर्ण निरुपयोगी आहे.

वर्गणी काढायचीच असेल तर एक शिकलेला मुलगा हंगामभर कामाला ठेवा. दर कंपनीची कोणती आख्यानं आहेत, कोण काय करतं, कोणाकडून शिकलं, कोणत्या गावात कधीपासून जत्रेचं नाटक बांधलेलं आहे, एवढं त्याच्याकडून लिहून घ्या. ही वही उद्या दिल्लीला चालेल, परवा मुंबईच्या सांस्कृतिक कार्य खात्याला चालेल, आणि काहीच नाही झालं तरी तुमच्या नातवाला चालेल.


प्रश्न : माझे यजमान दशावतारात स्त्रीपार्टी करतात. तुळशीच्या लग्नापासून हंगाम, मिरगाला सगळं बंद. मग भातलावणी, पुढे गणपतीच्या मूर्तिशाळेत रंगकाम. मुलीने मोबाइलवर वाचून दाखवलं की आयर्लंड देशात कलाकाराला सरकार आठवड्याला तीस हजार देतं. हे खरं का? आणि आपल्याकडे असं का नाही?
– एक गृहिणी, मालवण तालुका

उत्तर : खरं आहे, बाय. थोडं सावकाश ऐका, कारण या पत्राने मला दोन रात्री जागवलंय.

आयर्लंडने २०२२ मध्ये कलाकारांसाठी मूळ उत्पन्नाचा प्रयोग सुरू केला. आठवड्याला ३२५ युरो, म्हणजे आजच्या भावाने तीस हजारांच्या वरच. करपात्र, पण बिनशर्त: अमुक चित्र काढा, तमुक नाटक करा असं नाही. आठ हजारांवर पात्र अर्ज होते, जागा दोन हजार. मग निवड कशी केली? चिठ्ठ्या टाकून! कोण थोर, कोण किरकोळ, हे ठरवायला समिती बसवलीच नाही. मी नोकरीचा मोठा काळ मुंबईत एका सांस्कृतिक संस्थेच्या हिशेब खात्यात काढला, निवड समित्यांचे प्रवासभत्ते पास केले, त्यामुळे चिठ्ठीची कल्पना मला फार भावली. पण भाबडेपणाने नव्हती केली. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही अशा हजार जणांचीही माहिती ते घेत राहिले. म्हणजे पैसे मिळालेला आणि न मिळालेला, दोघांच्या कामात, झोपेत, कर्जात काय फरक पडतो ते मोजता आलं. पैसे मिळालेले लोक कलेला जास्त तास देऊ लागले, त्यांची चिंता कमी झाली. सरकारने करवलेल्या हिशेबात खर्चलेल्या दर युरोमागे १.३९ युरोचा लाभ निघाला. यात मनःस्वास्थ्याचीही युरोत किंमत धरली आहे, तेव्हा जुनी हिशेबनीस म्हणून मी त्या आकड्याकडे चष्मा सरसावूनच बघते. पण ऑक्टोबर २०२५च्या त्यांच्या अर्थसंकल्पात योजना कायम करायचं जाहीर झालं, हेही तितकंच खरं.

तुमच्या यजमानांना मात्र आयर्लंडपेक्षा फ्रान्सची रीत जवळची आहे. तिथे नाटक-सिनेमातल्या हंगामी लोकांसाठी बेकारभत्त्याची खास व्यवस्था आहे. अट अशी की बारा महिन्यांत ५०७ तास काम झालेलं असावं. नाईटवर, म्हणजे दर खेळामागे ठरलेल्या पैशांवर, काम करणाऱ्या कलाकाराची एक नाईट ते बारा तास धरतात, रंगमंचावर तो दोनच तास उभा असला तरी. तालीम, प्रवास, रंगणं-पुसणं कुणीतरी गृहीत धरलंय! म्हणजे ४३ नाईट झाल्या की कलाकार पात्र. पुढचे बिनकामाचे दिवस भत्ता. हा पैसा काही दानधर्माचा नव्हे. कामाच्या दिवसांत कलाकाराकडून आणि काम देणाऱ्याकडून थोडं थोडं कापून तो उभा राहतो, तूट असते, तिच्यावरून तिथे संप नि मोर्चेही होतात.

आता बोटांवर मोजा. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू झाल्या की तुमच्या यजमानांच्या ४३ नाईट कधी भरतात? शिमग्याची वाट बघावी लागत नसणार. पॅरिसच्या नटाला जे वर्षभर धावून जुळवावं लागतं ते आपला दशावतारी अर्ध्या हंगामात करून मोकळा. फरक एवढाच की त्याच्याकडे ४३ कागद आहेत आणि तुमच्याकडे एकही नाही. पहाटे तोंडावरचा रंग पुसता पुसता मालक हातात नोटा ठेवतात. कुठल्या गावी, किती, कशाचे, काही लिहिलेलं नसतं. मालकांनाही देवस्थानाकडून तसेच मिळतात, त्यांना तरी काय बोलणार.

'आपल्याकडे असं का नाही' याला सरकारला पैसा नाही हे एक उत्तर आहेच. पण उद्या एखाद्या मंत्र्याच्या मनात आलं की दशावताऱ्यांना पावसाळ्यात भत्ता द्यायचा, तर द्यायचा कुणाला? यादी कुठाय? मग शिफारसपत्रं सुरू होतात, आणि शिफारसपत्र कुणाला मिळतं हे मालवणात मी सांगायला नको.

म्हणून एक करा. साधी वही घ्या. तारीख, गाव, आख्यान, भूमिका, मिळालेली रक्कम, आणि पुढे मालकांची सही. सही मागायला यजमानांना संकोच वाटेल, तुम्ही मागा. राज्याची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी मानधन योजना आहे. २०२४ पासून सरसकट महिना पाच हजार. पन्नाशी ओलांडलेल्यांना आहे, उत्पन्नाची अट आहे, आणि कलेत किती वर्षं घालवली त्याचा पुरावा मागतात. गावोगावी थोर कलाकार त्या पुराव्यापाशी अडतात. फोटो नाही, कारण रात्रीचं नाटक. कात्रण नाही, कारण वार्ताहर झोपलेला. वही असली तर निदान बोलणं तरी सुरू होईल.


प्रश्न : आमचं मंडळ नमन, म्हणजे आपलं कोकणातलं लोकनाट्य, करतं. त्याला दोन ठिकाणांहून मदत येऊ घातली आहे. दुबईला नोकरी करणारा माझा भाचा आणि लंडनला स्थायिक झालेली आतेबहीण. खजिनदार म्हणतात, परदेशी पैसा घेतला तर मंडळावर केस होईल. नक्की काय?
– सचिव, नमन मंडळ, संगमेश्वर

उत्तर : खजिनदार अर्धे बरोबर आहेत, आणि अर्धे बरोबर असलेले खजिनदार मला फार आवडतात.

पैसा कुठून आला यापेक्षा देणाऱ्याचा पासपोर्ट कुठला, हे बघा. भाचा भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. घ्या, पावती द्या, पासपोर्टची प्रत फाइलला लावा. आतेबहीण ब्रिटिश नागरिक झाली असेल तर तिचा एक पौंडही विदेशी देणगी. तिच्याकडे परदेशस्थ भारतीयाचं ओसीआय कार्ड असलं तरीही. त्यासाठी २०१०च्या विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी लागते. संस्था तीन वर्षं जुनी हवी, त्या तीन वर्षांत निदान पंधरा लाख कामावर खर्च झालेले हवेत, आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायचा. एखाद्या ठरावीक कामापुरती पूर्वपरवानगी मागता येते, पण संगमेश्वरातलं नमन मंडळ मृदंगाला शाई चढवण्यासाठी गृह मंत्रालयाला अर्ज करतंय हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. आतेबहिणीला प्रेमाने नाही म्हणा. तिचे पैसे भाच्याच्या नावावरून फिरवू नका, खजिनदार म्हणतात ती केस तिथे होते.

परदेशी महोत्सवाने बोलावून खेळाचं मानधन दिलं तर ती सेवेची फी, देणगी नव्हे. तरी करार आधी सीएला दाखवा.


प्रश्न : मी देवगडचा, बी.ए. झालोय. परदेशात कलाव्यवस्थापनाची पदवी घ्यावी असं मनात आहे. तिकडे या क्षेत्रात भरपूर नोकऱ्या असतात ना?
– एक विद्यार्थी

उत्तर : असायच्या. गेलं साल वाईट गेलं. अमेरिकेत २०२५च्या मे महिन्यात राष्ट्रीय कला निधीने आधीच मंजूर केलेली अनेक अनुदानं एका ईमेलने रद्द केली. लोकांनी हॉल बुक केले होते. जुलैत त्या देशाने युनेस्को सोडायचंही जाहीर केलं, ते २०२६ अखेर अमलात येईल. बर्लिन शहराने संस्कृतीच्या अंदाजपत्रकातून सुमारे १३ कोटी युरो छाटले. फ्रान्समध्ये अठरा वर्षांच्या मुलांना पुस्तकं-नाटकांसाठी ३०० युरोंचा पास मिळायचा, तो १५० वर आला. आणि दुसरीकडे २०२५च्याच सप्टेंबरअखेर बार्सिलोनात जगभरचे सांस्कृतिक मंत्री युनेस्कोच्या परिषदेला जमले. भाषणं उत्तम झाली असणार.

जाऊ नको असं म्हणत नाही. पण आधी एक हंगाम इथे कर. कुठल्याही कंपनीबरोबर नाही तर नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या मंडळाबरोबर फिर. ट्रक किती वाजता निघाला तर वेळेवर पोचतो, जनरेटरचं भाडं कोण देतो, पावसाने खेळ मोडला तर अर्धी नाईट की पुरी, यावर चाललेली भांडणं ऐक. त्यातली दोन-तीन तरी तू मिटव. मराठीत एक पानाचा करार लिहायला शीक, जो मालकाला वाचता येईल. मग अर्ज भर. आणि फीसाठी बागेवर कर्ज काढायचा विचार असेल तर सही करण्याआधी आकडे मला पाठव, एकदा बघते.