मत न देणाऱ्याची सही

प्रिय मित्रा,

एकही उमेदवार लायक नाही, मग घरी बसलो तर त्यात बेजबाबदारपणा कसला, असं विचारलंयस. कायदा तुझ्या बाजूने आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७९ मध्ये मत देण्याच्या हक्काशेजारीच मत न देण्याचा हक्कही लिहिलाय. तेव्हा कोणी देशप्रेमाचे डोस पाजले तर मनावर घेऊ नकोस.

पण एक आठवण सांगतो. मास्तरकीत इलेक्शन ड्यूटी चुकत नसे. 'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण, यायच्या आधीची गोष्ट. एका खेड्यातल्या केंद्रावर एक गृहस्थ आले, शाई लावून घेतली, रजिस्टरवर सही केली आणि म्हणाले, "मत द्यायचं नाही. तशी नोंद करा." निवडणूक नियम ४९-ओ प्रमाणे अशी नोंद करता यायची. मी शेरा लिहिला, त्याखाली त्यांनी सही केली. पक्षांचे एजंट टकामका बघत होते. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं असणार. त्याच दिवशी यादीतले तीनशेवर लोक फिरकलेच नाहीत. कोणी पुण्या-मुंबईला कामाला, कोणी अंथरुणाला खिळलेलं, काही तर वारलेले, नावं तेवढी राहिलेली. त्यांत एखादा तुझ्यासारखा चिडून बसलेलाही असेल. मी त्याला ओळखणार कसा?

रस्त्यासाठी अख्खं गाव बहिष्कार टाकतं तेव्हा तहसीलदार धावत येतात, कारण गावाने आधी सांगितलेलं असतं, आणि सगळ्यांनी मिळून. एकट्याने गादीवर लोळत केलेला बहिष्कार कोणाला कळायचा?

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुप्ततेच्या मुद्द्यावर नोटाचं बटण द्यायला लावलं. आता त्या गृहस्थांसारखं चारचौघांत उभं राहावं लागत नाही. २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत नोटाला १२,८०६ मतं पडली, चक्क दुसरा क्रमांक. निकाल काही बदलला नाही. विधानसभा-लोकसभेला नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवारच निवडून येतो. मलाही हे अर्धवटच वाटतं. पण निदान तो आकडा छापला जातो, आणि पक्षवाले तो बघतात.

आणि 'सगळे सारखेच' हे नीट तपासून म्हण. २०२४ ला मुंबई वायव्यची लोकसभेची जागा ४८ मतांनी गेली. एवढी माणसं तर तुमच्या सोसायटीच्या एका विंगेत राहतात.

बाकी, यादीत तुझं नाव आहे का, बघितलंस? नसेल तर आधी नावनोंदणीचा फॉर्म ६ भर. मग घरी बसायचं की नाही यावर भांडायला ये, चहा ठेवतो.

तुझा,
सर