टेस्टर म्हणून जर्मनीला येऊ का, असं विचारणाऱ्याला

तुझा मेसेज दोनदा वाचला. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग, त्यातली चार मॅन्युअल म्हणजे हाताने आणि दोन सेलेनियम या आपोआप टेस्ट चालवणाऱ्या साधनावर, वय ३१, सीव्हीच्या पहिल्याच ओळीत '१२००हून अधिक टेस्ट केसेस लिहिल्या'. आणि प्रश्न असा की, "ताई, चान्सेनकार्टेवर (नोकरी शोधायला मिळणाऱ्या जर्मन व्हिसावर) हॅम्बुर्गला येऊन नोकरी शोधू का, की एआय एजंटमुळे टेस्टरचं दुकान तिकडेही बंद होतंय?"

दुकान बंद झालेलं नाही. पण ज्या मालावर आपण इतकी वर्षं ते चालवलं, तो माल आता जवळजवळ फुकट मिळतो. मी इथे आले तेव्हा टीममध्ये पाच टेस्टर होतो, आता दोघी आहोत. कुणाला काढलं नाही. एकेक जण सोडून गेला आणि त्याची जागा भरलीच नाही.

काय बदललं ते सांगते. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेराइट या वेबसाइट तपासण्याच्या साधनाच्या १.५६ आवृत्तीबरोबर तीन एजंट आले: प्लॅनर, जनरेटर आणि हीलर. प्लॅनर ब्राउझर उघडून ॲपमध्ये फिरतो आणि काय तपासायचं याचा आराखडा लिहितो. जनरेटर त्यावरून कोड पाडतो. टेस्ट पडली, म्हणजे नापास झाली, की हीलर ती परत चालवतो, पान बघतो आणि दुरुस्त करतो. पूर्वी कुणी पानावरचा एखादा आयडी बदलला की माझा अर्धा सोमवार लोकेटर, म्हणजे टेस्टला ते बटण कुठे आहे ते सांगणारा पत्ता, शोधण्यात जायचा. ते काम गेलं याचं मला काडीचंही दुःख नाही.

पण गेल्या हिवाळ्यातली गोष्ट ऐक. जर्मनीत ऑनलाइन दुकानाच्या शेवटच्या बटणावर काय लिहायचं, हे २०१२ पासून कायद्यात आहे: 'त्साह्लुंग्सफ्लिश्टिग बेश्टेलेन'. म्हणजे 'ऑर्डर करतोय आणि पैसे देणं लागतोय'. नाहीतर तितकंच स्पष्ट दुसरं काही. तसं नसेल तर ग्राहक त्या कराराने बांधलाच जात नाही. आमच्या डिझायनरला ते शब्द बोजड वाटले. त्याने 'बेश्टेलुंग आबश्लीसेन' केलं, म्हणजे नुसतं 'ऑर्डर पूर्ण करा'. टेस्ट पडली. हीलरने बघितलं, बटण जागेवर आहे, दाबलं की पुढे जातंय, फक्त अक्षरं वेगळी आहेत. त्याने टेस्टमधला अपेक्षित मजकूर बदलला आणि सगळं हिरवं, म्हणजे पास, झालं. पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल मंजुरीला ठेवतात तिथे) एका ओळीचा फरक, खाली नम्र टीप: 'बटणाच्या नव्या मजकुरानुसार टेस्ट अद्ययावत केली.' डेव्हलपरने मंजूरही केली होती.

ती ओळ माझ्या नजरेला पडली ती केवळ नशिबाने. २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका हॉटेल बुकिंगच्या खटल्यात सांगितलं होतं की बघायचे ते फक्त बटणावरचे शब्द, आजूबाजूला पानावर काय छापलंय ते नाही. हा निकाल मला माहीत होता, कारण आमच्या कायदा विभागातल्या बाईंबरोबर मी एकदा यावर तासभर डोकं लावलं होतं. जर्मनमध्ये, अडखळत.

एजंट चुकला असंही मला म्हणवत नाही. ॲपच बिघडलंय असं वाटलं तर हीलर टेस्ट वगळून ठेवतो, तशी सोय त्यात आहे. पण इथे बिघडलं काहीच नव्हतं, बटण उत्तम चालत होतं! पडलेली टेस्ट उभी करायची की पडलेलीच ठेवून आरडाओरडा करायचा, हे ठरवायला त्या बटणामागचं कारण ठाऊक असावं लागतं. पगार आता त्याचा मिळतो.

म्हणून आमचे इंटरव्ह्यूही बदललेत. उमेदवाराला कोड लिहायला सांगत नाही. एजंटने लिहिलेल्या चाळीस टेस्ट पुढे ठेवतो आणि विचारतो, यातल्या कुठल्या फेकून देशील? निम्म्या तर नाव बदलून तेच तपासत असतात. एक टेस्ट ऑर्डर झाल्यावर 'डांके' (धन्यवाद) दिसलं की खूश होते. ऑर्डर खरंच नोंदली गेली का, पैसे दोनदा कापले गेले का, याची तिला फिकीर नाही. मागच्या खेपेला एका उमेदवाराने चाळिसच्या चाळीस टेस्ट छान आहेत म्हणून सांगितलं. सीव्ही भक्कम होता बिचाऱ्याचा.

आता चान्सेनकार्टे. सहा गुण लागतात आणि तुझे ते सहज होतील: गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव म्हणून तीन, पस्तिशीच्या आत म्हणून दोन, सी१ म्हणजे प्रगत पातळीच्या इंग्रजीचा एक. जर्मनचा एक शब्दही न येता! हीच मेख आहे. व्हिसा तुला जर्मन विचारत नाही, नोकरी देणारा विचारतो. कार्डाची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, त्या काळात आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि खर्चाची सोय म्हणून २०२५ च्या हिशेबाने महिन्याला १,०९१ युरो दाखवावे लागतात. वर्षाचे तेरा हजारांवर युरो झाले. घरचं कर्ज चालू असताना एवढे पैसे अडकवून, इथल्या नोव्हेंबरच्या अंधारात रोज नकाराचे ईमेल वाचायचे, हे मी माझ्या सख्ख्या भावाला सांगणार नाही.

पुण्याची नोकरी धरून ठेव. मॅक्सम्युलर भवनात जर्मनला नाव घाल आणि बी१ ही मधली पातळी तरी पदरात पाड, बी२ झालं तर सोन्याहून पिवळं. मग तिथूनच अर्ज कर आणि ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरी हातात असलेल्या कुशल लोकांच्या परवान्यावर, ये. आयटीसाठी २०२६ ची पगाराची अट वर्षाला साधारण ४५,९३४ युरो आहे, तुझ्या अनुभवाला ती अशक्य नाही. बी१ असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्जही करता येतो. प्रोबेत्साइट, म्हणजे प्रोबेशन, मात्र विसरू नकोस: पहिले सहा महिने दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवू शकतात.

दरम्यान एखादं क्षेत्र पक्कं धर. गाड्यांचं सॉफ्टवेअर असेल तर आयएसओ २६२६२ हे सुरक्षिततेचं मानक, वैद्यकीय असेल तर त्याचे नियम. ऑडिटर विचारतो तेव्हा 'एजंटने तपासलं' हे उत्तर चालत नाही, कुणाचं तरी नाव लागतं. दुसरं म्हणजे ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वापरता येणं. २८ जून २०२५ पासून इथल्या ऑनलाइन दुकानांना ती बंधनकारक आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे. आज रात्री उतरवून घे, मॉनिटर बंद कर आणि नुसतं ऐकून एक शर्ट विकत घेऊन दाखव. पहिल्या दहा मिनिटांत जे सापडेल ते लिहून ठेव.

एजंट वापरायला शीक हे सांगायला नको, पण इथे आल्यावर ते लगेच हातात मिळतील असं धरू नकोस. आमच्याकडे बेट्रीब्सराट म्हणजे कर्मचारी परिषदेच्या संमतीत आणि डेटा संरक्षणाच्या कागदांत पाच महिने गेले. खऱ्या ग्राहकांचा डेटा एजंटला दाखवायचा नाही म्हटल्यावर खोटा पण खरा वाटणारा डेटा तयार करणं हेच एक काम झालं. उम्लाउट (ä, ö, ü ही अक्षरं) असलेली आडनावं, २२ अक्षरी आयबॅन म्हणजे बँक खात्याचा क्रमांक, १.२३४,५६ अशी लिहिलेली रक्कम, म्हणजे आपले १,२३४.५६. आपल्या लाखा-कोटीच्या स्वल्पविरामांची सवय असलेल्याला तो शेवटचा आकडा बरोबर खटकतो, हा आपला फायदाच समज.

सीव्ही पाठव, बघते. त्याआधी ती '१२००' वाली ओळ काढ आणि तिथे तू अडवलेला एक रिलीज, म्हणजे बाहेर पडणारी आवृत्ती, लिही: काय दिसलं, कुणाशी भांडलास, शेवटी काय झालं. चार ओळी पुरेत.