आधी ‘कधीपासून?’ विचार

फोंडा, गोवा

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. बांबोळीच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात इंटर्नशिपला रुजू होण्याआधी मानसिक आजारांचे निकष देणारे दोन्ही ग्रंथ, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं डीएसएम आणि जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी, पाठ करायला घेतलंस, पण आजारांची नावं एकमेकांत मिसळतात आणि धीर सुटतो, असं लिहिलंस. वाचू नकोस असं मी म्हणणार नाही, नीट वाच. पण नुसती लक्षणं मोजत बसलीस तर ती मिसळणारच. झोप न लागणं, चिडचिड, कशात लक्ष न लागणं हे कुठल्या मानसिक आजारात नसतं? आजार वेगळे पडतात ते बहुतेक वेळा काळावरून. केव्हा सुरू झालं, किती टिकलं, आधी काय आलं, मागाहून काय आलं, मधल्या काळात माणूस पूर्वीसारखा झाला होता का, हे विचारायला शीक.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ साली दोन मोठे आजार वेगळे मांडले ते याच आधारावर. भास आणि भ्रम दोन्हीकडे दिसत होते. पण काही रुग्ण वर्षागणिक खालावत जात, तर काही जण झटका ओसरला की पुन्हा सावरत. पहिल्या आजाराला स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया म्हटलं. दुसऱ्यातून आजचा बायपोलर निघाला, ज्यात कधी नैराश्य तर कधी उन्माद, म्हणजे अतिउत्साहाचा झटका, येतो. क्रेपेलिन यांचं सगळंच टिकलं नाही. स्किझोफ्रेनियाचे कितीतरी रुग्ण सुधारतात, हे आपण आता डोळ्यांनी बघतो. पण आजाराची वाटचाल बघायची त्यांची दृष्टी आजही प्रत्येक निकषात आहे. नैराश्याला किमान दोन आठवडे, उन्मादाला साधारण आठवडा. आघातानंतरचा तीव्र त्रास महिन्याच्या आत असेल तर डीएसएम त्याला एक नाव देतं, महिना उलटला की दुसरं. स्किझोफ्रेनियासाठी आयसीडी-११ ला एक महिना पुरतो, डीएसएम सहा महिने मागतं. मरणाच्या दुःखाचंही तसंच: लांबलेला शोक हा आजार म्हणायला आयसीडी सहा महिने थांबते, डीएसएम मोठ्या माणसांसाठी वर्षभर. दोन जाडजूड ग्रंथांचं इथेच एकमत नाही, हे लक्षात ठेव. या रेषा माणसांनी चर्चा करून आखलेल्या आहेत. निसर्गात त्या अशा आखलेल्या सापडत नाहीत.

आता वॉर्डात काय होतं ते सांगते. घसरून पडला, मांडीचं हाड मोडलं, म्हणून एक पन्नाशीचा माणूस हाडांच्या वॉर्डात दाखल होतो. दोन दिवस शांत. तिसऱ्या रात्री चादरीवरून काहीतरी वेचायला लागतो. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो, सलाईन उपटतो, दुकान उघडायचंय म्हणून पाय मोडलेला असताना खाटेवरून उतरू बघतो. हात कापतात, अंग घामानं भिजलेलं असतं, आज वार कुठला ते सांगता येत नाही. सकाळी जरा बरा वाटतो, संध्याकाळी पुन्हा तेच. कुणीतरी केसपेपरवर लिहितं, ‘वेड्यासारखं वागतो, मानसोपचार विभागाकडे पाठवा’, आणि तू तिथे जाऊन उभी राहतेस. भास आहेत, आरडाओरडा आहे, असंबद्ध बोलणं आहे. यादीत शोधलंस तर स्किझोफ्रेनिया सहज सापडेल. पण पन्नाशीपर्यंत दुकान चालवणारा माणूस एका रात्रीत स्किझोफ्रेनियाचा रुग्ण होत नाही. अशा वेळी एकच प्रश्न विचार: शेवटची दारू केव्हा घेतली? रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हे उद्भवतं, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. बायको लाजेनं म्हणेल, ‘कधीमधी घेतात.’ तिला एका बाजूला ने, आवाज खाली ठेव, आणि पुन्हा विचार. सकाळी उठल्यावर हात कापतात का, तेही विचार. आणि लगेच ड्युटी डॉक्टरांना कळव. शुद्ध कमीजास्त होत असेल, दिवस-वेळेचं भान नसेल, भास कानांपेक्षा डोळ्यांना जास्त होत असतील, किंवा साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच असं काही घडत असेल, तर आधी शरीर तपासायचं. मनाचं लेबल त्यानंतर. ही एक गोष्ट पक्की झाली तरी तुझी इंटर्नशिप सार्थकी लागली असं मी मानेन.

दुसरा सापळा नैराश्याचा. धर, बोटीवर नोकरी करणारा, सुटीवर घरी आलेला एक तरुण आहे. महिनाभर खोलीबाहेर पडत नाही, जेवत नाही, मरणाच्या गोष्टी बोलतो. निकष पूर्ण होतात. तरी लेखणी खाली ठेव आणि आईला विचार, ‘याच्या अगदी उलट असा कधी होता का?’ मग आई आठवून सांगते, गेल्या सुटीत दोन-तीन तास झोपायचा तरी दमत नव्हता, गरज नसताना दुसरी मोटरसायकल घेऊन आला, सगळ्यांशी वाद घातले. आता निदान बदललं, आणि औषधही. बायपोलरच्या माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळण्याचा धोका असतो. मुलगा स्वतःहून ते दिवस सांगणार नाही, कारण त्याला ते आजारपण वाटलेलंच नसतं.

निकष आले कशासाठी, तेही समजून घे. १९७२ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडनमधल्या निदानांची तुलना प्रसिद्ध झाली. अमेरिकन डॉक्टर स्किझोफ्रेनियाचं निदान कितीतरी जास्त करत होते, पण दोन्हीकडचे रुग्ण एकाच पद्धतीनं तपासले तेव्हा तो फरक जवळजवळ उरला नाही. फरक रुग्णांत नव्हता, डॉक्टरांत होता. म्हणून १९८० च्या डीएसएम-३ नं नेमके निकष घातले, आणि दोन डॉक्टरांचं एकमत होणं सोपं झालं. मात्र एकमत म्हणजे आजाराचं मूळ कळलं असं नव्हे. डीएसएमच्या नैराश्यात नऊ लक्षणांपैकी पाच हवीत, त्यात उदासी किंवा रस आटणं यांपैकी एक तरी. कागदावर मांडून बघ, ही अट २२७ प्रकारे पूर्ण होते. म्हणजे एकाच नावाच्या दोन रुग्णांत सामाईक लक्षण एखादंच असू शकतं. म्हणून ‘नैराश्य’ एवढंच लिहून केसपेपर मिटू नकोस.

आपल्याकडे तर माणसं यादीतली भाषा बोलतच नाहीत. कोंकणीत ‘न्हीद येना’ (झोप येत नाही), ‘काळीज धडधडटा’ म्हणतील. बायका अंगावरून पांढरं जातं, थकवा येतो म्हणून आरोग्य केंद्रात येतात. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातच केलेल्या अभ्यासात या तक्रारीचं नातं संसर्गापेक्षा मानसिक त्रासाशी आणि घरच्या परिस्थितीशी जास्त घट्ट दिसलं. त्यांच्याच मानस प्रकल्पात, ज्याचे निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंता एकत्रच हाताळली. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचा फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. पहिल्या पायरीवर ढोबळ वर्ग पुरतो. जिथे औषध निवडायचंय तिथे बारकावा लागतो.

शिमग्याला डिचोलीतल्या साळला गड्यांची जत्रा भरते. अंगात आलेले गडे रात्री धावतात आणि सगळा गाव त्यांना सांभाळतो. तो आजार नव्हे. आयसीडी-११ मध्ये भूतसंचारासारख्या अवस्थेचा विकार आहे, पण समाजानं मानलेल्या विधीत घडणारी अवस्था त्यात धरू नका, असं तिथेच म्हटलंय. नवी सून दर दोन दिवसांनी स्वयंपाकघरात घुमू लागते, तिला ते नको असतं, तिची कामं अडतात, तेव्हा मात्र विचारायचं: पहिल्यांदा केव्हा झालं, आणि त्या आठवड्यात घरात काय घडलं होतं? देवळात कौल लावून आलेत म्हणून घरच्यांना रागावू नकोस. ते आधी तिथे जाणारच, आणि नंतर तुझ्याकडे आले हे महत्त्वाचं.

वर्गीकरणाची ताकद घातकही असते. समलैंगिकता डीएसएममधून १९७३ मध्ये आणि आयसीडीतून १९९० मध्ये निघाली. तोवर किती जणांना नको ते ‘उपचार’ सोसावे लागले. म्हणून मला आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मोलाचा वाटतो. त्याचं तिसरं कलम मूळातून वाच. नीतिमूल्यं किंवा धार्मिक श्रद्धा समाजाशी जुळत नाहीत एवढ्यावरून कुणाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही, आणि पूर्वी उपचार झाले होते एवढाच आधारही पुरत नाही. जमिनीच्या किंवा घटस्फोटाच्या भांडणात कुणी तुझ्याकडे ‘मनोरुग्ण आहे’ असं लिहून मागायला आलं, तर सरळ वरिष्ठांकडे पाठव.

पहिले काही आठवडे निदानाचा रकाना पेन्सिलनंच भर. त्याच्यावर एक आडवी रेघ मारून वर्षं आणि महिने मांड: शाळा सुटली, खाण बंद पडली, लग्न, बाळंतपण, पहिली रात्र जागून काढली ती केव्हा. रुग्णाची वाक्यं त्याच्याच शब्दांत लिही. नावगाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून अशा दोन-तीन रेघा मला पाठव, मग आपण फोनवर बसून बोलू. रविवारी दुपारी मी घरीच असते.

तुझी,
मॅडम