उत्पादनाविषयी खोटा व्हिडिओ पसरला, तर कंपनीने आधी काय करावे?

न्यायालयात धाव घेण्याआधी, दावा खोटा का आहे हे ग्राहकाला स्वतःच्या स्वयंपाकघरात पडताळता येईल अशा शब्दांत सांगावे, आणि ते उत्तर व्हिडिओ ज्या माध्यमावर व ज्या भाषेत फिरतो आहे तेथेच द्यावे. कुरकुरेचा तुकडा काडीने पेटवून ‘जळतो, म्हणजे यात प्लास्टिक आहे’ असे दाखवणारे व्हिडिओ वर्षानुवर्षे फिरत राहिले. वस्तुतः तांदूळ, मका व डाळीच्या पिठात पिष्ट असते, त्यात तेल मुरलेले असते आणि दोन्ही पदार्थ ज्वलनशील आहेत. तळलेला पापड ज्योतीवर धरला तरी तो असाच पेटतो. कुरकुरे बनवणाऱ्या पेप्सिको कंपनीने २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाकडून असा मजकूर समाजमाध्यमांवरून हटवण्याचा आदेश मिळवला खरा, परंतु त्यात निव्वळ थट्टेच्या पोस्टही अडकल्या आणि कारवाईचीच बातमी झाली (अर्थात, हसणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले). मात्र अफवा एखाद-दुसऱ्या व्हॉट्सॲप गटापुरतीच असेल, तर जाहीर खुलासा करू नये, कारण ज्यांनी ती ऐकलीच नव्हती त्यांच्यापर्यंतही ती खुलाशातूनच पोहोचते. अशा वेळी विचारणाऱ्यालाच उत्तर द्यावे.