सीमेवर लढाई नसताना जवान दिवसभर करतात तरी काय?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकट्या भावाला बीएसएफमध्ये जैसलमेरकडची बटालियन मिळाली, वाळवंटातल्या चौकीवर रोजचं आयुष्य कसं असतं, इथपर्यंत ठीक आहे. पण पुढे तुम्ही लिहिलंय, "तिकडे सध्या काही चालू नाही, मग ही माणसं दिवसभर करतात तरी काय?" तुम्ही काळजीपोटी विचारलं असेल. मला मात्र हेच वाक्य २००९ साली माझ्या चुलतभावाने चारचौघांत ऐकवलं होतं, आणि तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं. म्हणून लांब लिहितोय.

मी माण तालुक्यातला. २००५ ला भरती झालो, २० वर्षं नोकरी केली. त्यातली २००८ ते २०११ ही वर्षं जैसलमेर जिल्ह्यातल्या तनोतच्या पुढच्या एका चौकीवर काढली. चौकीचं नाव लिहिणार नाही.

दिवस सांगायचा तर उजाडायच्या आधी सुरू होतो आणि खरं म्हणजे संपत नाही. रात्रीचा नाका, म्हणजे दबा धरून बसलेला पहारा, उठतो आणि दिवसाची ओपी, म्हणजे टेहळणीची ड्युटी, टॉवरवर चढते. सहा-सहा तासांची ड्युटी, दोन ड्युट्यांच्या मध्ये झोप, हत्यारसफाई, लंगरचं काम, पाण्याचा टँकर रिकामा करणं, उंटांचं चारापाणी, संध्याकाळी रोल कॉल, आणि अंधार पडायच्या आत पुन्हा नाका. सलग आठ तास झोप मी तिथे फक्त आजारी असताना घेतली. मे महिन्यात दुपारी पारा ४७-४८ वर जातो. राजस्थानातल्याच फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ अंश नोंदले गेले, ते तुम्ही वाचलं असेल. टॉवरच्या लोखंडी शिडीला उघडा हात लावता येत नाही. बाटलीला ओलं गोणपाट गुंडाळायचं, खिशात कांदा ठेवायचा, डोकं-तोंड गमछाने बांधायचं. आणि तीच वाळू पहाटेपर्यंत इतकी गार होते की डिसेंबर-जानेवारीत नाक्यावर पायाची बोटं बधिर होतात.

गरम वाळूत पापड भाजून दाखवायचा व्हिडिओ फिरतो ना, तो बघून लोक टाळ्या वाजवतात. २०२४ च्या मे महिन्यातला तो व्हिडिओ, आणि त्याच महिन्यात जैसलमेर सीमेवर ड्युटीवर असताना उष्माघाताने एक जवान गेला. पापड लोकांच्या लक्षात राहिला.

आता मुख्य काम. ते आहे वाळू वाचणं.

तारबंदीच्या कडेने वाळूचा एक पट्टा असतो. झुडपांचा भारा नाहीतर फळी उंटामागे किंवा ट्रॅक्टरमागे ओढून तो रोज सपाट करायचा, सारवलेल्या अंगणासारखा. पहाटे फटफटलं की त्यावरून चालत जायचं आणि रात्रीत कोण गेलं, कोण आलं ते बघायचं. याला खुरा चेकिंग म्हणतात, खुरा म्हणजे पावलाचा ठसा. कोल्हा, साप, हरीण, उंट, माणूस, प्रत्येकाचा खुरा वेगळा. माणूस उलटा चालत गेला तर टाच आणि चवडा वेगळे दबतात. पायाला फडकी बांधून गेला तर कडा पुसट होतात, पण वजन लपत नाही. आमच्याकडे एक वयस्कर हेड कॉन्स्टेबल होते, बारमेरकडचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांच्या घराण्यातच खोजीपण, म्हणजे माग काढण्याची विद्या, होती. उकिडवे बसायचे, बोटाने ठशाची कड हलकेच चाचपायचे आणि माणूस किती वेळापूर्वी गेला ते सांगायचे. त्यांच्यामागे दोन वर्षं चाललो तेव्हा मला त्यातलं चार आणे कळायला लागलं.

आता २००९ चा मे. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न महिनाअखेरीला धरलेलं. माझी रजा मंजूर होती, कागद हातात होता. निवडणुकीच्या बंदोबस्ताला गेलेल्या कंपन्या परतत होत्या, सगळ्यांच्या रजा अडकलेल्या, चौकीवर माणसं नेहमीपेक्षा कमी. मी निघायच्या दोन दिवस आधी आंधी सुरू झाली.

आपल्याकडे वावटळ येते, पत्रे उडतात, पाऊस पडतो आणि विषय संपतो. तिथली आंधी दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस चालली. समोर धरलेला हात दिसत नव्हता. भाकरीत वाळू, डोळ्यांत वाळू, रायफल दर तासाला पुसून पुन्हा कापडात गुंडाळायची. आणि ड्युटी चालूच, उलट दुप्पट, कारण आंधीतच कुणीतरी येण्याची शक्यता जास्त. मी आणि एक केरळचा पोरगा दोरीची दोन टोकं कमरेला बांधून एकाच नाक्यावर रात्रभर बसलो होतो, चुकामूक होऊ नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी थांबलं. बाहेर येऊन बघतो तर तारबंदीच नाही. एक अख्खा टिब्बा, म्हणजे वाळूची टेकडी, सरकून तिच्यावर येऊन बसलेला. पुरुषभर उंचीच्या वर जाणारी ती तार, शे-दीडशे पावलांच्या टप्प्यात फक्त वरचा काटा दिसत होता, कुठे तोही नाही. शेळीसुद्धा सहज चढून पलीकडे उतरली असती.

त्याच दुपारी पाण्याचा टँकर आला. परत जाताना तो मला रामगडला सोडणार होता. तिथून जैसलमेर, रात्रीची जोधपूरची गाडी, पुणे, पुण्याहून दहिवडीची एसटी. हळदीला पोहोचलो असतो. बॅग भरलेली होती. कंपनी कमांडर साहेब म्हणाले, "तेरी छुट्टी मंजूर है, तू जा सकता है." जा असं म्हणाले नाहीत, थांब असंही नाही. मी बाहेर आलो. वाळूवर अकरा माणसं बेलचे, म्हणजे फावडी, घेऊन उभी होती. त्यांतले निम्मे रात्रभर नाक्यावर होते आणि रात्री पुन्हा जाणार होते. तार उघडी होईपर्यंत तारेच्या जागी माणूसच उभा करावा लागतो. मी टँकर सोडला.

पाच दिवस लागले. पहाटे चार ते नऊ आणि ऊन उतरल्यापासून अंधारापर्यंत. तीन बेलचे वाळू काढली की दोन बेलचे घरंगळून परत. ट्रॅक्टर आणला, तो चाकापर्यंत रुतला, आधी तोच उपसावा लागला. तारांच्या मधल्या कॉइलमध्ये बेलचा चालत नाही, तिथे हातमोजे घालून वाळू ओढायची आणि हातमोजे दुसऱ्या दिवशी फाटतात. डाव्या तळव्यावर अजून तीन वण आहेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बुजलेल्या टप्प्यावर उस्ताद अचानक बसले. मीही बघितलं. छोटा पाय, अनवाणी, आपल्या बाजूने पलीकडे गेलेला, पुढे शेळीचे खूर. उस्ताद एवढंच म्हणाले, "टाबर है." म्हणजे लेकरू. "रात का है." वायरलेसवर कळवलं, परवानगी आली आणि आम्ही चौघं तारेच्या पलीकडे उतरलो. तिथून सीमेचे खांब लांब नसतात. पावलं आधी सरळ जात होती, मग शेळीमागे वळली, मग गोल फिरायला लागली. तिथे उस्तादांनी चालण्याचा वेग वाढवला. ज्याचा खुरा गोल फिरतो त्याला दिशा उरलेली नसते, हे मला तेव्हा कळलं.

सूर्य चांगला वर आला तेव्हा तो सापडला. फोगाच्या झुडपाच्या वीतभर सावलीत डोकं खुपसून पडलेला, नऊ-दहा वर्षांचा असेल. जीभ सुजलेली, शेळीचा दोर मनगटाला गुंडाळलेला. आपल्याच बाजूच्या ढाणीतला, म्हणजे छोट्या वस्तीतला. आंधीत सुटलेल्या शेळीमागे निघाला होता आणि जिथे रोज तार अडवते तिथे त्या रात्री नुसती टेकडी होती. त्याला थेंब थेंब पाणी दिलं, गमछा भिजवून मानेवर आणि काखेत ठेवला, आणि केरळच्या पोराने त्याला पाठीवर घेऊन चौकीपर्यंत आणलं. शेळी मी आणली. मी लहानपणी माणच्या माळावर चुलत्यांची मेंढरं राखली आहेत. हरवलेल्या कोकराशिवाय घरी जायची काय भीती असते ते मला कुणी सांगायला नको. दुपारी त्याचा बाप आला. तो काही बोलला नाही, उस्तादांच्या पायाजवळच्या वाळूला हात लावून तो कपाळाला लावला.

ज्या दिवशी तार पूर्ण उघडी झाली, त्याच्या आदल्या दिवशी माझ्या बहिणीचं लग्न लागलं. सॅटेलाइट फोनवर मला दोन मिनिटं मिळाली. मागे बँड वाजत होता, तिचं बोलणं ऐकूच आलं नाही.

जुलैत घरी गेलो. जेवायला पंगत बसलेली, पाव्हणेरावळे होते, आणि चुलतभाऊ म्हणाला, "रजा मंजूर असून आला नाहीस. तिथं काय लढाई चाललेली? वाळूच उपसत होतास ना?" मी "हो" म्हणालो आणि उठलो. आई रडली. त्यानंतर आमचं बोलणं तुटक झालं ते आजतागायत.

दादा, म्हणजे तोच चुलतभाऊ, हे वाचणार नाही, पण त्याच्यासारखे वाचतील म्हणून स्पष्ट लिहितो. हो, वाळू उपसत होतो. सीमा राखणं म्हणजे बहुतेक दिवस तेच असतं. लोंगेवालाला १९७१ च्या लढाईतले पाकिस्तानी रणगाडे बघायला बसेस भरून जातात. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या त्या रात्रीला माझाही सलाम आहे, तिथे सैन्याच्या बरोबरीने बीएसएफचे जवानही होते. पण त्या रात्रीनंतर जे हजारो दिवस काही घडलं नाही, ते कुणीतरी रोज पहाटे उठून घडू दिलं नाही म्हणून. तिथे काही चालू नाही म्हणणाऱ्याने मे महिन्यात एक दुपार टॉवरवर उभं राहावं, मग बोलावं. आणि मी थांबलो ते बरोबर केलं. बहिणीपेक्षा नोकरी मोठी म्हणून थांबलो नाही. त्या अकरा जणांनाही घरी बहिणी होत्या.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. हे माझ्या काळातलं आहे. तेव्हा घरी बोलायला रांग लागायची आणि मोबाइलवर कधीकधी पलीकडच्या कंपनीचं नेटवर्क दिसायचं, ते वापरायला सक्त मनाई. आता व्हिडिओ कॉल होतात, पुष्कळ सोयी सुधारल्यात असं नव्या पोरांकडून ऐकतो. तुमच्या भावाला इंदिरा गांधी कालव्याच्या बाजूची चौकी मिळाली तर थोडी हिरवळही दिसेल. कच्छच्या रणात आणि खाडीत बदली झाली तर तिथलं सगळंच वेगळं, ते मी सांगू शकत नाही. त्रासच असतो असंही नाही. तनोतच्या देवळात पूजा-आरती बीएसएफचे जवानच करतात, तिथे संध्याकाळच्या आरतीला उभं राहिलं की आठवड्याचा शीण जातो. एकदा जैसलमेरजवळच्या समच्या बाजूला माळढोक दिसला, तिकडे त्याला गोडावण म्हणतात. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचा पक्षी तिथे बघून मी गाडीतल्या सगळ्यांना हलवून जागं केलं होतं.

भावाला पहिल्या रजेवरून परत जाताना सुती मोजे जास्त द्या, चांगला गॉगल द्या, डोळ्यांची हयगय करू देऊ नका. बूट घालण्याआधी झटकायची सवय घरापासूनच लावा, विंचू आणि फुरशी दोन्ही तिथे भरपूर. फोनवर "आज काय केलंस" असं विचारू नका, सांगता येण्यासारखं काही नसतं आणि सांगायची परवानगीही नसते. जेवलास का, झोप झाली का, एवढं पुरे. चिंचेचा कोळ किंवा कोकम पाठवलं तर चौकीतले सगळे पितील.

आणि घरात लग्न निघालं तर तारीख त्याला तीन-चार महिने आधी कळवा. तरीही तो येईलच असं धरून चालू नका. माझ्या बहिणीच्या लग्नात कानपिळीला माझ्या जागी दादाच उभा राहिला, मान त्याने घेतला. जुलैत मी तिच्या सासरी गेलो तेव्हा दाजी सोप्यात बसले होते. त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली, मान तिरकी केली आणि म्हणाले, "तुमचं राहिलंय." बहीण दारात उभी होती. मी हात पुढे केला, तळव्याला पट्टी होती, म्हणून उजव्या हाताने पिळला. त्यांनी आठवणीने जपून ठेवलेला टॉवेल-टोपीचा आहेर काढून दिला. तुमच्याकडेही तेवढं राखून ठेवा. तो जुलैत येईल, नाहीतर दिवाळीनंतर.