जमीन 80 लाखांची असेल तर वाटपाचा दावा तालुक्याच्या दिवाणी कोर्टात चालतो का? की थेट जिल्हा न्यायालयात जावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की चुलत्यांनी वडिलोपार्जित शेतीतला हिस्सा नाकारलाय, वकील तालुक्यालाच दावा टाकू म्हणतायत आणि घरचे म्हणतायत, ‘खालच्या कोर्टात वेळ घालवू नका, ते फक्त पाच लाखांपर्यंतचं बघतं.’ हेच माझ्या मामांनी माझ्या आईला ऐकवलं होतं. म्हणून एवढं लिहितेय.

पहिली गोष्ट, असा दावा थेट जिल्हा न्यायालयात दाखल होतच नाही. दावा दिवाणी न्यायाधीशांकडे जातो, कनिष्ठ स्तर (घरचे ज्याला ‘खालचं कोर्ट’ म्हणतायत ते) नाहीतर वरिष्ठ स्तर. कनिष्ठ स्तराला पाच लाखांपर्यंतचा अधिकार, वरिष्ठ स्तराला रकमेची मर्यादा नाही. आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 15 सांगतं की अधिकार असलेल्या सर्वांत खालच्या कोर्टातच दावा टाकायचा. तुमचे वकील बरोबर सांगतायत.

आता 80 लाखांचं. शेतजमिनीच्या दाव्याचं मूल्यांकन बाजारभावावर होत नाही, शेतसाऱ्याच्या आकारणीच्या ठराविक पटीत होतं. सातबारा काढा आणि ‘आकारणी’समोरचा आकडा बघा. आमच्या आजोबांच्या सगळ्या गटांची आकारणी मिळून पन्नास रुपयेही भरत नव्हती. त्यातला आईचा हिस्सा धरून वकिलांनी मूल्यांकनाचा परिच्छेद लिहिला आणि दावा कनिष्ठ स्तरात आरामात बसला. मामांच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, पहिलाच मुद्दा होता की जमिनीची किंमत एवढी, सबब या न्यायालयास अधिकार नाही. तो टिकला नाही.

आजोबा गेल्यावर वारस नोंद फक्त मामांच्या नावाने झाली होती. आईला कुणी विचारलंसुद्धा नाही. तिने विचारलं तेव्हा मामा म्हणाले, “सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का? मग हिस्सा कसला?” हा समज गावोगाव आहे आणि मला त्याची मनापासून चीड आहे. सातबारा सारावसुलीसाठी ठेवलेला अभिलेख आहे. त्यातली नोंद खरी धरून चालतात, पण ती मालकी ठरवत नाही. मालकी ठरवतं दिवाणी कोर्ट. तलाठी नाही, सर्कल नाही, प्रांतही नाही. आईने फेरफाराविरुद्ध, म्हणजे त्या वारस नोंदीविरुद्ध, प्रांतांकडे अपील केलं तर तिथेही हेच उत्तर मिळालं की हक्काचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदार वाटप करून देतात, पण हक्कावरच वाद निघाला की त्यांना थांबावं लागतं.

उलटतपासाच्या दिवशी मी कोर्टात बसले होते. मामांच्या वकिलांनी विचारलं, “तुमच्या लग्नात वडिलांनी खर्च केला होता, हे खरं आहे का?” आई म्हणाली, “केला. दादाच्या लग्नातही केला.” न्यायाधीशांनी दोन्ही वाक्यं टायपिस्टला सांगून जशीच्या तशी उतरवून घेतली. ‘खालचं कोर्ट’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे कळत नाही. साक्षीपुरावा इथे नोंदला जातो. पुढे जिल्हा न्यायालयात अपील होतं ते याच कागदांवर, आणि उच्च न्यायालयात दुसरं अपील चालतं ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर. इथे साक्ष कच्ची राहिली तर वर जाऊन ती सुधारता येईल या भरवशावर राहू नका. मामा अपिलात गेलेच होते. अपील फेटाळलं गेलं. तरी मामेभाऊ आजही लग्नकार्यात सांगतो की मोठ्या कोर्टात खटला चालला असता तर निकाल वेगळा लागला असता.

या कोर्टात आणखी काय चालतं, तेही सांगते. तुमच्या वाटपाखेरीज मनाईचे (समोरच्याला एखादी गोष्ट करण्यापासून रोखण्याचे) दावे, उसनवारीची वसुली, कराराची पूर्तता, वहिवाटीचे हक्क, हे सगळं पाच लाखांच्या आत कनिष्ठ स्तरात चालतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 9 प्रमाणे कायद्याने वर्ज्य केलेले सोडून बाकी सगळे दिवाणी दावे दिवाणी कोर्टाचेच. मुंबई-पुण्यासारखं लघुवाद न्यायालय जिथे नाही, तिथे भाडेकरूला काढण्याचे दावेही याच कोर्टात येतात. शेतरस्त्याच्या वादाला मात्र तहसीलदारांचा मार्ग आहे. तिथे जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली झालेला निर्णय मान्य नसेल तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा टाकता येतो.

काही गोष्टी तुमच्या बाबतीत वेगळ्या असू शकतात. जमीन बिगरशेती झाली असेल किंवा वाटपात घर असेल तर तिथे बाजारभाव धरतात, मग प्रकरण वरिष्ठ स्तरात जाऊ शकतं. सरकार पक्षकार असेल तरी वरिष्ठ स्तर, आणि त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस. कुणी कुळाचा, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या हक्काचा, मुद्दा काढला तर तेवढा मुद्दा कुळकायद्याच्या कलम 85अ खाली तहसीलदारांकडे पाठवावा लागतो आणि दावा तोवर थांबतो. चुलते हे हत्यार वापरतील, तयारी ठेवा. आणि समजा दावा चुकीच्या कोर्टात पडलाच, तरी तो बुडत नाही. वादपत्र (दाव्याचा मूळ कागद) योग्य कोर्टात दाखल करायला परत मिळतं, आणि चांगल्या हेतूने गेलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम 14 खाली वगळून मिळतो.

निकालानंतर काम संपलं असंही समजू नका. हुकूमनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या लेखी आदेशात, हिस्से ठरतात, सारा भरणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, मोजणी होते, मग ताबा. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. म्हणून दावा टाकतानाच सगळे गट, सगळ्यांचे सातबारे, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि आजोबांपासूनचे फेरफार जोडा, आणि एकही हिस्सेदार पक्षकार व्हायचा राहू देऊ नका. लग्न होऊन गेलेल्या आत्या असतील तर त्यांनाही घ्या. त्यांचा हिस्सा तुमच्याइतकाच खरा आहे, मग घरातले काहीही म्हणोत.